दोन्ही सत्रे हजर

“मथुरा गाडेकर.”

कुलथे बाईंनी नाव घेतले आणि दहावी ‘ब’चा वर्ग थांबला. अठरा नावे भराभर झाली होती. एकोणिसाव्या नावाशी हजेरी रोज अशीच अडत असे. माझ्या मागच्या बाकावर मथुरा उभी राहिली होती. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी धरली असणार, हे मला न वळताही कळत होते.

“ह... ह...”

कुणीतरी खुसखुसले. बाईंची मान हजेरीपटावर वाकलेली होती, पेनाचे टोक चौकोनावर टेकलेले होते. हजेरी घेताना त्या कधीच वर पाहत नसत. “माझे कान चष्म्याशिवाय चालतात,” असे म्हणत.

“ह... ह...”

मला काय वाटले कोण जाणे. मी तोंडासमोर वही धरली आणि मथुरेच्या आवाजात, तिच्यासारखीच दोनदा अडखळून, एकदम सुटका झाल्यासारखे म्हटले, “ह-ह-हजर बाई!”

वर्ग खदखदून हसला. पेन चौकोनात फिरले.

“आज मथुरा लवकर पोचली,” वर न पाहताच बाई म्हणाल्या. “कालिंदीच्या काठाकाठानं आली वाटतं.”

पुन्हा हशा झाला. माझे नाव कालिंदी गुजर. मथुरा माझ्या मागे बसते यावर बाईंचा हा विनोद जूनपासून चालू होता. “ही शाळेची सोय नाही गं, पुराणातली सोय आहे,” असे त्या म्हणत. मी भीत भीत मागे वळून पाहिले. मथुरा खाली बसली होती आणि ओठांवर तळहात दाबून हसत होती. डोळ्यांत पाणी आले होते, पण हसत होती.

मधल्या सुट्टीत ती आपण होऊन माझ्यापाशी आली. तिला तीन शब्द बोलायलाही वेळ लागे, म्हणून आम्ही तिच्याशी फारसे बोलत नसू.

“का... कालिंदी, रोज तूच दे ना माझी हजेरी.”

“चिडली नाहीस ना?”

तिने मान हलवली. “सकाळी उठल्यापासून ह... हजेरीचीच भीती. पाटाच्या रस्त्यानं स... सायकल चालवताना नुसतं तेच म्हणत येते. ‘हजर बाई, हजर बाई.’ आणि इथं आलं की...”

वाक्य तिने सोडून दिले. माझ्या शेजारी बसणारी नसीम म्हणाली, “घे, मथुरा. आजपासून तू बस, ही बोलेल. फुकटची वकीलच मिळाली तुला.”

ही गोष्ट दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची. आमची मुलींची शाळा तालुक्याच्या गावी होती आणि निम्म्या मुली आजूबाजूच्या वस्त्यांवरून येत. त्या दिवसापासून एकोणिसाव्या नावाला मीच उत्तर देऊ लागले. मथुरा माझ्या पाठीमागे असे आणि आवाज एकाच दिशेने जाई. बाईंना हे माहीत नव्हते असे मुळीच नाही. मला सर्दी झाली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “आज कालिंदीला आणि मथुरेला एकदमच सर्दी झालेली दिसते.” एकदा त्यांनी शनिवारच्या शेवटच्या तासाला मला पुढे बोलावून सगळ्या वर्गाची हजेरी एकट्या माझ्याकडून देववली होती. मी बेचाळीस मुलींच्या बेचाळीस आवाजांत हजर झाले. नसीमचा घाईघाईचा आवाज, विजयाचा नाकातला, अलकाचा अर्ध्या झोपेतला. सर्वांत जास्त हशा मथुरेच्या आवाजाला मिळाला. तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

बाईंचा वर्ग असा असे. त्या आम्हाला इतिहास आणि मराठी शिकवत.

“पानिपतावर काय झालं, अलका?”

“बाई, आपण हरलो.”

“आपण? म्हणजे तू होतीस तिथं? तरीच.”

विजयाने एकदा विचारले, “बाई, आजची साडी नवीन आहे?” तर बाई म्हणाल्या, “नवीन नाही गं, इस्त्री केलेली आहे. तुम्हाला बघायची सवय नाही.” आणि लगेच, “तू मात्र केसांना तेल लावलंयस की तेलाला केस?”

“आईनं लावलंय, बाई. तिचा हात सैल आहे.”

“आईला म्हणावं, दिवाळी होऊन गेली. आता पणतीला एवढं तेल नको.”

अशा बाईंच्या तासाला कुणी गैरहजर राहत नसे. पण आमच्या शाळेत मुली गैरहजर राहत त्या कंटाळ्याने नव्हे. कुणाची कांद्याची लागवड असे, कुणाची आई बाळंत होई, कुणाला पाहायला पाहुणे येत. आणि अशी आठ दिवस घरी राहिलेली मुलगी बऱ्याचदा परत येतच नसे. म्हणून बाईंनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिका शितोळे बाईंकडे, भांडून दहावीपुरता एक नियम करून घेतला होता. सकाळची हजेरी झाली की गैरहजर मुलींची नावे चिठ्ठीवर लिहून कार्यालयात जात आणि साडेअकराला शिपाई भिकाजीमामा सायकल काढून त्या मुलींच्या घरी निघत. दारात जाऊन विचारायचे, ‘मुलगी का आली नाही?’ आणि उत्तर बाईंना येऊन सांगायचे. एवढ्याने दरवर्षी चार-पाच मुली शाळेत टिकत, असा बाईंचा हिशेब होता, आणि तो खरा होता.

मथुरेच्या बाबतीत मात्र हा नियम उलटा पडला. सप्टेंबरात तिची सायकल वाटेत मोडली. दुसऱ्या वस्तीवर नेऊन ती दुरुस्त करून घेतली आणि शाळेत पोचेपर्यंत साडेबारा झाले; तोवर भिकाजीमामा गाडेकर वस्तीवर जाऊन आले होते. पोरगी घरून वेळेवर निघालेली आणि शाळेत नाही, हे शिपायाच्या तोंडून चार माणसांसमोर ऐकावे लागले याचा तिच्या वडिलांना संताप आला. ‘पुन्हा शाळेचा माणूस माझ्या दारात दिसला, तर शाळा बंद,’ असे त्यांनी बजावले होते. मथुरेने हे मला डिसेंबरात सांगितले. तुकड्या-तुकड्यांनी सांगितले, आणि शेवटी म्हणाली, “मा... मार्चपर्यंत निभावलं की झालं. परीक्षा दिली की मग बा... बाबा काही म्हणोत.”

“एखाद्या दिवशी उशीर झाला तर?” नसीमने विचारले.

मथुरेने माझ्याकडे पाहिले. मी छातीवर हात ठेवून म्हणाले, “मी आहे ना!” तेही तिच्याच आवाजात, अडखळून. आम्ही तिघी हसलो.

जानेवारीत दोनदा तिला उशीर झाला. दोन्ही वेळा मी हजेरी दिली आणि दोन्ही वेळा ती बाईंची पाठ फळ्याकडे असताना वाकून आत आली. तिसरी वेळ एका मंगळवारी आली. सराव परीक्षेला सहा दिवस उरले होते.

“मथुरा गाडेकर.”

मागचा बाक रिकामा होता. नसीमने मला कोपराने ढोसले. मी जरा जास्तच वेळ घेतला, कारण वर्ग वाट पाहत होता आणि वाट पाहायला लावण्यातली गंमत मला कळू लागली होती.

“ह... ह... ह-हजर बाई.”

“आज फार वेळ लागला गं,” बाई पटावरून नजर न काढता म्हणाल्या. “वाटेत पंक्चर झालं की काय?”

वर्ग हसू लागला. मला राहवले नाही. “हो बाई,” मी तिच्या आवाजात म्हटले, “ह... हवा गेली.”

त्या वर्षातला तो सर्वांत मोठा हशा असावा. अलकाने बाकावर डोके टेकले. बाईंचे खांदेही हलले. त्यांनी चौकोनात खूण केली आणि विसावे नाव घेतले. त्या दिवशी सगळा वर्ग हजर लागला. कार्यालयात कोरी चिठ्ठी गेली. भिकाजीमामा व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होते, हे मी खिडकीतून पाहिले.

बारा वाजले, एक वाजला. मथुरा वाकून आत आली नाही.

“ताप आला असेल,” जेवणाच्या सुट्टीत मी म्हणाले.

“मग बाईंना सांगून टाक,” नसीम म्हणाली. “दुपारच्या हजेरीला गप्प बस.”

“सकाळी हजर आणि दुपारी गैरहजर? मग बाई म्हणतील, मधूनच पळाली. शिपाई नक्की जाईल.”

नसीमला हे पटले नाही; पण खोटेही वाटले नाही. दोन वाजता दुपारच्या सत्राची हजेरी झाली आणि मी पुन्हा उत्तर दिले. या वेळी कुणी फारसे हसले नाही. एकच विनोद दिवसातून दोनदा चालत नाही.

संध्याकाळी साडेसहाला मथुरेचे वडील शाळेच्या फाटकापाशी उभे होते. शाळा केव्हाच सुटली होती. मी कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण घेऊन येत होते म्हणून मला ते दिसले. भिकाजीमामांनी कार्यालय उघडून पट काढला आणि कंदिलासारखा वर धरून त्यांना दाखवला. “बघा, दोन्ही सत्रं हजर आहे. साडेपाचला सुटली असणार. मैत्रिणीकडे गेली असंल.” डोक्याचा पटका काढून वडिलांनी तोंड पुसले आणि ते निघून गेले. मी दळणाचा डबा कमरेवर घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिले. मला वाटले, आता गेले तर धावत त्यांना गाठता येईल. मग वाटले, ती घरून निघून दुसरीकडेच कुठे गेली असेल तर तिची शाळा आपणच बंद केल्यासारखे होईल. अशी मी उभी होते तोवर ते दिसेनासे झाले.

बुधवारी सकाळी ती सापडली. पाटाच्या रस्त्यावर, वस्तीपासून मैलभर अलीकडे, एक चारी, म्हणजे पाटाचा फाटा, आडवी जाते. तिच्यावर फरशीचा अरुंद पूल होता, कठडा नसलेला. तिथे सगळेच सायकलवरून उतरत, पण शाळेची वेळ टळली की त्या रस्त्याला क्वचितच कुणी असे. चारीला पाणी सुटलेले नव्हते. ती कोरड्या दगडांवर, बेशरमीच्या झुडपांत पडली होती आणि सायकल तिच्या अंगावर होती. वर फरशीवर तिची एक चप्पल होती.

शाळा भरली तेव्हा सगळ्यांना कळले होते. बाईंनी त्या दिवशी हजेरी घेतली नाही. प्रार्थना झाल्यावर आम्हाला घरी सोडले. जाताना भिकाजीमामा व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत होते. “पाय मोडला व्हता अन् डोक्याला मार. डॉक्टर म्हणत व्हते, पडल्या पडल्या नाही गेली. चार-पाच तास जीव व्हता.”

तो माणूस म्हणाला, “म्हणजे रात्री दहा-अकरापर्यंत.”

“असंच.”

मी घरी आले. आईने विचारले, “जेवतेस का?” मी नाही म्हणाले. मथुरा घरून पावणेदहाला निघत असे. दहाच्या सुमारास ती त्या पुलावर असणार. मी बोटांवर मोजले आणि पुन्हा मोजले. दुपारची हजेरी दोन वाजता झाली होती.

शुक्रवारी मला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावणे आले. आत पोलीस चौकीतले एक हवालदार होते, कुलथे बाई होत्या आणि जमिनीवर, खुर्ची रिकामी असताना, एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर पितळी डबा होता. मथुरा तोच डबा आणत असे.

“ह्या मथुरेच्या आई,” मोठ्या बाई म्हणाल्या. “यांचं म्हणणं आहे, मुलगी त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती.”

“आली नव्हती, बाई,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ह्यो डबा बघा. मी बांधली तशी गाठ हाये. दिवसभर शाळंत व्हती, तर भाकर खाल्ली नसती का तिनं?”

“कधी कधी मुली डबा खात नाहीत,” हवालदार म्हणाले.

“ती खायची. तिला भूक लई लागायची.”

मोठ्या बाईंनी हजेरीपट त्यांच्यापुढे सरकवला. “सकाळचं सत्र हजर, दुपारचं सत्र हजर. शासनाचं रजिस्टर आहे हे. यात खाडाखोड नाही.”

मथुरेच्या आईंनी पटाकडे पाहिले. त्यांना वाचता येत नव्हते, तरी बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “गावात लोकं काय बोलत्यात ते तुम्हाला म्हाईत नाही. म्हणत्यात, साडेपाचला सुटली अन् अंधार पडंपर्यंत कोणासंगं व्हती? चारीत कशी गेली, कोणी ढकलली का? तिचा बाप घराभाईर निघंना. माझी पोर सकाळी शाळंत यायला निघाली आन् वाटंत पडली, एवढंच मला कोणीतरी म्हणा. दुसरं काही नको.”

मग मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. “कालिंदी, तू तिच्या पुढच्या बाकावर. मंगळवारी होती ना मथुरा वर्गात?”

मी कुलथे बाईंकडे पाहिले. त्या पटाकडे पाहत होत्या, हजेरी घेताना पाहत तशा.

“होती,” मी म्हणाले.

मथुरेच्या आईंनी डबा पदराखाली घेतला आणि त्या उठल्या. दारातून जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना वाटले असावे, मैत्रीण गेल्याने मी रडते आहे.

सोमवारी सराव परीक्षा सुरू झाली. कुलथे बाई पर्यवेक्षणाला होत्या. पेपर संपल्यावर त्यांनी मला थांबवले. खोली रिकामी झाली तरी त्या टेबलावरचे गठ्ठे बांधत राहिल्या.

“पंक्चरचं उत्तर कुणी दिलं होतं?” त्यांनी विचारले.

“मी.”

“आवाज तुझा होता, ते मला तेव्हाच कळलं होतं. रोजच कळायचं.” त्यांनी दोऱ्याची गाठ मारली, ती सुटली, त्यांनी पुन्हा मारली. “ती मागे बसलेली आहे, असं मी धरून चालले. मान वर करायची होती, बस्स. तेवढंही केलं नाही. हसत होते.”

“बाई, शिपाई गेला की तिची शाळा बंद होणार होती, म्हणून मी...”

“हो का?” बाईंनी माझ्याकडे पाहिले. “हे मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही मोठ्या बाईंच्या खोलीत काही बोलला नाहीत,” मी म्हणाले. एवढे बोलण्याचे धैर्य कसे आले ते मला आजही सांगता येत नाही.

“नाही बोलले. तू ‘होती’ म्हणालीस आणि मला आधी बरं वाटलं, कालिंदी. आधी बरं वाटलं. ते काही केल्या जात नाही.” त्या खुर्चीवर बसल्या. “मी आज लेखी दिलं आहे. न पाहता हजेरी लावली, मुलगी दोन्ही सत्रांत गैरहजर होती. मोठ्या बाई म्हणाल्या, शाळेचं नाव जाईल, मागे घ्या. मी घेतलं नाही. त्यात तुझं नाव लिहिलेलं नाही.”

त्यांनी उठून गठ्ठे कपाटात ठेवले.

“पण तिच्या आईला कागद वाचता येत नाही. मी आता वस्तीवर जाते आहे. तू येतेस?”

आम्ही दोघी पाटाच्या रस्त्याने चालत गेलो. पाऊण तासात बाई एकच वाक्य बोलल्या. पुलापाशी आल्यावर म्हणाल्या, “भिकाजी इथे उतरलाच असता,” आणि पदर सावरून फरशीवरून पलीकडे गेल्या.

गाडेकरांचे घर दोन खणांचे, पत्र्याचे होते. वडील बाहेर बाजेवर बसले होते. बाईंना पाहून उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. मथुरेच्या आईंनी सतरंजी टाकली. त्यांच्यामागून सात-आठ वर्षांची एक मुलगी आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. चेहरा थेट मथुरेचा होता.

बाईंनी काही न लपवता सांगितले. त्यांची चूक सांगितली. शिपायाचा नियम सांगितला. कागद दिल्याचे सांगितले. मग त्या थांबल्या आणि माझी पाळी आली. मी म्हणाले, “तिची हजेरी मी दिली, मावशी. तिच्या आवाजात. दोन्ही वेळा. ती शाळेत आली नव्हती. मी त्या दिवशी तुमच्यासमोर खोटं बोलले.”

मी वाट पाहत होते की त्या ओरडतील, मारतील. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

“म्हंजी आली नव्हती,” त्या म्हणाल्या. मग गोठ्याच्या दिशेने तोंड करून मोठ्याने, “ऐकलं का? आली नव्हती शाळंत! वाटंतच पडली व्हती आपली पोर! कोणासंगं नव्हती!”

बऱ्याच वेळाने गोठ्यातून एका माणसाच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. तो थांबेपर्यंत आम्ही तिघी खाली पाहत बसलो.

मग मथुरेच्या आईंनी मला विचारले, “तिच्या आवाजात दिली म्हणतीस?”

“हो.”

“म्हणून दाखव.”

“मावशी, नको...”

“दाखव. मला ऐकू दे.”

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. मी उभी राहिले. तो आवाज माझ्या घशात इतका बसलेला होता की प्रयत्न करावा लागला नाही. “ह... ह... ह-हजर बाई.”

मथुरेच्या आई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारख्या त्या दिसत होत्या.

“ही कोण?” त्यांनी विचारले.

“मथुरा,” मी म्हणाले.

“आमची मथुरा अशी कुठं बोलायची?”

“वर्गात... ती अडखळायची. लहानपणापासून असेल ना...”

“काय की बाई. इथं तर तोंडाला खळ नसायचा. म्हशीसंगं बोलायची, चुलीसंगं बोलायची. बापाला सुदीक दमात घ्यायची.” त्या बाईंकडे वळल्या. “तुमचा तर आवाज काढायची, बाई. रागावू नका. ‘तेलाला केस लावले का गं?’ सगळ्या पोरींचे आवाज काढायची. रोज सांच्याला हितं ओसरीवर शाळा भरवायची. ही शेवंता अन् ती.” त्यांनी खांबापाशी उभ्या असलेल्या मुलीला हात केला. “शेवंते, ताई हजेरी कशी घ्यायची गं? दाखव बाईंना.”

शेवंता लाजली. आईने पुन्हा सांगितले तेव्हा ती पुढे आली, मान खाली घालून डाव्या हाताचा पट केला, उजव्या हाताच्या बोटाचे पेन केले आणि कुलथे बाईंच्या गंभीर, किंचित ओढलेल्या आवाजात म्हणाली, “अलका भोर.” मग अर्ध्या झोपेत, “हजर बाई.” “नसीम शेख.” घाईघाईने, “हजरबाई.” “कालिंदी गुजर.” इथे ती मान तिरपी करून, एक भुवई वर चढवून, सगळा वर्ग आपल्याकडेच पाहतो आहे अशा थाटात म्हणाली, “हजर बाई!” आणि मी स्वतःला पहिल्यांदा पाहिले.

ती पुढे जाऊन थबकली. पुढचे नाव घ्यावे की नाही, हे तिला कळेना. तिने आईकडे पाहिले.

“घे,” आई म्हणाली. “ताईचं नाव घे.”

“मथुरा गाडेकर,” शेवंता म्हणाली, आणि लगेच, खणखणीत, न अडखळता, ओसरीच्या बाहेर गोठ्यापर्यंत जाईल अशा आवाजात उत्तर दिले, “हजर बाई!”

माझ्या शेजारी बसलेल्या कुलथे बाईंनी मान वर केली.